पँटच्या खिशातली ओळ

ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका लिलावात एक जुनी जीन्स ७६ हजार डॉलरच्या आसपास गेली. १८८० च्या दशकातली लिव्हायज, बंद पडलेल्या खाणीत सापडलेली, मळकी, मेणबत्तीच्या मेणाचे डाग पडलेली, पण आजही घालता येईल अशी. बातमी सगळीकडे फिरली, किंमत वाचून लोकांनी डोक्याला हात लावला आणि पुढे गेले. मी अडकलो ते खिशाच्या आत छापलेल्या एका ओळीत. ह्या प्रकारचा फक्त हाच माल गोऱ्या मजुरांनी बनवलेला आहे, अशा अर्थाची ओळ आहे ती.

आता गंमत बघा. कंपनीचा मालक लेवी स्ट्रॉस हा जर्मनीत बव्हेरियातल्या बुटनहाइम गावचा ज्यू, १८२९ चा जन्म. पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकायची आयडिया ज्याची, तो जेकब डेव्हिस हा रीगाकडून आलेला ज्यू शिंपी, नेवाडात रीनो गावात दुकान टाकून बसलेला. पेटंटच्या फीचे ६८ डॉलर काही त्याला जमेनात म्हणून ज्याच्याकडून तो कापड घ्यायचा त्या स्ट्रॉसलाच त्याने पत्र लिहिलं, आणि २० मे १८७३ ला दोघांच्या नावावर पेटंट झालं. ह्या लोकांना युरोपात कुठे राहायचं, काय धंदा करायचा, लग्न कुणी करायचं ह्याचे कायदे होते. बव्हेरियात तर १८१३ पासून ज्यू कुटुंबांची यादीच ठरलेली, यादीत जागा रिकामी झाल्याशिवाय धाकट्या मुलाने संसार मांडायचा नाही! अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाच्या मालावर तीसेक वर्षांत "गोऱ्या मजुरांनी बनवलेलं" अशी छाप. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला मनाई करणारा १८८२ चा चिनी बंदी कायदा झाला होता, कॅलिफोर्नियात चिन्यांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं, गिऱ्हाईकाला जे ऐकायचं ते खिशावर छापलं. हे धोरण आम्ही १८९० च्या दशकात सोडलं असं कंपनी सांगते, ठीक आहे.

अमेरिकन पश्चिमेतल्या ज्यू लोकांबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात ही ओळ बसत नाही, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. एरवी काय असतं, तर यादी. डेडवूडचा महापौर सोल स्टार ज्यू होता. सिअॅटलचा १८७५ सालचा महापौर बेली गॅट्झर्ट ज्यू होता. पोर्टलंडला तर १८६९ ते १८७३ एकापाठोपाठ एक दोन ज्यू महापौर, गोल्डस्मिथ आणि वॉसरमन. आयडाहोला १९१५ मध्ये मोझेस अलेक्झांडर गव्हर्नर, युटाला १९१७ मध्ये सायमन बॅमबर्गर, तेही मॉर्मन राज्यात. आणि मग निष्कर्ष असा की बघा, पूर्वेकडे भेदभाव असेल, युरोपात दंगली असतील, पण वाइल्ड वेस्ट मोकळ्या मनाचं, तिथे माणसाची फक्त लायकी बघायचे.

यादी खरी आहे. निष्कर्ष मला पटत नाही.

एक तर मोकळं मन वगैरे काही आपोआप नव्हतं. १८५५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेचा अध्यक्ष विल्यम स्टो भर सभागृहात म्हणाला की ज्यू लोकांवर असा कर बसवावा की त्यांना इथे राहणंच परवडू नये. विषय काय होता, तर रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा कायदा. म्हणजे ज्यू दुकानदाराने धर्म पाळून शनिवारी बंद ठेवायचं आणि कायदा पाळून रविवारीही बंद ठेवायचं, आणि खाणीतला मजूर गावात खरेदीला येणार नेमका ह्याच दोन दिवसांत. असा कायदा पुढे झाला, १८५८ मध्ये सॅक्रॅमेंटोतल्या न्यूमन नावाच्या ज्यू कपडेवाल्याला रविवारी माल विकला म्हणून धरलं, तो राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जिंकला, कायदा रद्द. तीनच वर्षांत त्याच कोर्टाने उलटा निकाल दिला आणि तसाच कायदा चालतो म्हणून सांगितलं. आता ह्याला मोकळं मन म्हणायचं का?

बहुतेकांनी शेवटी काय केलं, तर शनिवारी दुकान उघडं ठेवलं. मला इथे आपले बेने इस्रायल आठवतात. कोकणात अलिबागच्या आसपास तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले, शनिवार हीच त्यांची ओळख झाली. एकाच धर्माची माणसं, एकीकडे शनिवारावरून नाव पडलं, दुसरीकडे सगळ्यात आधी शनिवारच सुटला. फरक श्रद्धेचा नाही असं मला वाटतं. कोकणात गावगाड्यात एक ठरलेली जागा होती, ती जागा सांभाळली की बाकी तुम्ही घरात काय करता ते कुणी विचारत नव्हतं. खाणीच्या गावात ठरलेलं असं काहीच नव्हतं. आज ज्याच्याकडे पीठ, फावडं आणि उधारी आहे तो गावात मोठा, उद्या खाण संपली की गाव पण संपलं.

उधारी हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण सगळी गोष्टच उधारीची आहे. पाठीवर गाठोडं घेऊन सुया, दोरे, बटणं, चष्मे विकत फिरणारा पोरगा, मग घोडागाडी, मग दुकान, मग घाऊक व्यापार, हा रस्ता हजारोंनी चालला. पण ते एकट्याचं कर्तृत्व म्हणून सांगतात ते चूक. लेवी स्ट्रॉस १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला तो सोनं शोधायला नाही, तंबूच्या कापडाच्या पँटी शिवायलाही नाही, ती नंतरची दंतकथा. न्यूयॉर्कला त्याच्या भावांची घाऊक कापडाची पेढी होती, तिची पश्चिमेकडची शाखा काढायला आला. सांता फेला स्पीगेलबर्ग बंधू, तिथेही असंच, एक भाऊ जम बसवतो, पाठोपाठ दुसरा, तिसरा, मग पुतण्या. बाहेरून कर्ज मिळणं सोपं नव्हतं. त्या काळातल्या क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या एजन्सीच्या नोंदींत माणसाच्या नावापुढे तो ज्यू आहे हे आवर्जून लिहिलेलं सापडतं आणि त्याच्या जोडीला शेरे असे की वाचून आजही राग यावा. मग माल कुणाच्या शब्दावर उचलायचा, तर काकाच्या, मेव्हण्याच्या, गाववाल्याच्या. आपल्याकडच्या कुठल्याही व्यापारी जमातीला हे नवीन नाही.

बरं, ह्या विखुरलेल्या दुकानदारांची कम्युनिटी कशी झाली? इथे मला खरंच कौतुक वाटतं, आणि ते महापौरांचं नाही. लॉस एंजेलिसमध्ये १८५४ ला हिब्रू बेनेव्हलंट सोसायटी निघाली, आजारी माणसाला मदत आणि मेलेल्याला माती, एवढंच काम. १८५५ ला दफनभूमीची जागा मिळाली. सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, इमारत उभी राहायला १८७० चं दशक उजाडलं. गावामागून गाव हाच क्रम दिसतो, आधी दफनभूमी, मग फंड, मग कुणाच्या तरी दुकानावरच्या माळ्यावर सणासुदीची प्रार्थना, आणि जमलंच तर शेवटी सिनेगॉग. कारण सरळ आहे. प्रार्थना कुठेही होते, १८४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तंबूत झाली. दहा पुरुष जमले की झालं. मेलेल्या माणसाला मात्र जागा लागते, ती कायमची लागते, आणि मरण काही वर्गणी जमेपर्यंत थांबत नाही.

बिनपगारी काम करणारी कमिटी, वहीत नावं, महिन्याची वर्गणी, परगावाहून आलेल्या अनोळखी ज्यूला तिकिटाचे पैसे देऊन पुढच्या गावाला पोचवणं, हे सगळं कंटाळवाणं आहे. म्हणूनच त्यावर कुणी सिनेमा काढत नाही. पिस्तूल असलेला एक तरी ज्यू शोधून काढतात आणि त्याच्यावर लेख पाडतात.

आणि भांडणं तर विचारूच नका. १८९० मध्ये रे फ्रँक नावाची तिशीच्या आतली बाई, कॅलिफोर्नियात शिकवणारी, वर्तमानपत्रांत लिहिणारी, कामानिमित्त वॉशिंग्टन राज्यात स्पोकेनला गेली. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, तोंडावर आलेलं, तिने विचारलं प्रार्थना कुठे आहे, तर म्हणे सिनेगॉगच नाही. गावात पैसेवाले ज्यू भरपूर, पण सनातनी आणि सुधारक असे गट, एकमेकांच्या शेजारी बसायला तयार नाहीत. (परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळाची जनरल बॉडी मीटिंग पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, दहा घरं आणि तीन गणपती.) शेवटी ठरलं की तू बोलणार असशील तर प्रार्थना ठेवतो. गावच्या ऑपेरा हाउसमध्ये जागा केली आणि ती बोलली, अमेरिकेत एका ज्यू स्त्रीने असं प्रवचन देण्याची ही पहिलीच वेळ. तिने स्पोकेनकरांना सुनावलं की भांडणं बाजूला ठेवा आणि एक सिनेगॉग बांधा. १८९२ मध्ये तिथे सिनेगॉग उभं राहिलं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा कुणी तिला व्यासपीठावर चढू दिलं असतं असं वाटत नाही. पश्चिमेची मोकळीक कुठे होती असं मला विचाराल तर मी इथे बोट ठेवेन, जिथे रबाय (ज्यू धर्मगुरू) मिळत नाही आणि पद्धती सांगायला कुणी म्हातारा बसलेला नाही तिथे बायकांना जागा झाली. डेन्व्हरला फ्रान्सिस जेकब्ज ह्या बाईने क्षयाच्या रोग्यांच्या हॉस्पिटलसाठी रान उठवलं, रस्त्यात रक्त ओकत पडलेल्या माणसाला गावाने बघून न बघितल्यासारखं करायचं आणि हिने घोडागाडी थांबवायची. १८९२ मध्ये ती गेली. हॉस्पिटलची इमारत तयार झाली तोच १८९३ ची मंदी आली, सहा वर्षं इमारत नुसती उभी, शेवटी १८९९ ला सुरू झालं, कुठल्याही धर्माच्या गरीब रोग्याला फुकट.

शेतीचं थोडक्यात सांगतो कारण ती गोष्ट बहुतेक ठिकाणी फसलेली आहे. १८८१ नंतर रशियातल्या दंगलींतून पळालेले तरुण, डोक्यात समाजवाद आणि टॉलस्टॉय, हातात कधी नांगर धरलेला नाही. ओरेगनात न्यू ओडेसा, १८८२ ते १८८७. कोलोरॅडोत कोटोपॅक्सी, १८८२ ते १८८४, खडकाळ डोंगरउतार, पेरलेलं थंडीने जाळलं, आणि ज्याने वसाहतीची जागा दाखवली त्याच्याच खाणीत मजुरी करायची पाळी. युटात क्लॅरियन, १९११ ते १९१६, पाण्यावाचून. यावरून "ज्यूंना शेती जमत नाही" हे जे म्हणतात ते तद्दन खोटं, ज्यांना रशियात पिढ्यान्‌पिढ्या जमीन घेऊ दिली नाही त्यांना तुम्ही नापीक माळ दिला आणि दोन वर्षांत पीक मागितलं. उत्तर डाकोटात १६० एकरांचे होमस्टेड, म्हणजे सरकारने कसायला दिलेल्या जमिनी, घेऊन बरीच कुटुंबं टिकलीही. रेचेल कालोफ १८९४ मध्ये लग्न करायला म्हणून रशियातून तिथे आली, नवऱ्याला आधी पाहिलेलंही नाही, आणि पहिला हिवाळा काढला तो एका खोपटात, सासूसासरे, दीर आणि कोंबड्यांसकट, कारण जळणाला पैसे नाहीत. जमीन नावावर झाली की काही वर्षांनी विकून अशी कुटुंबं शहरात गेली, मुलांना शाळा हवी, मुलीला स्थळ हवं. ह्याला अपयश म्हणायचं कशाला? शेजारच्या नॉर्वेजियन शेतकऱ्याचा पोरगाही शहरातच गेला की.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ती १६० एकर जमीन कुणाची होती?

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने वाटलेली जमीन सरकारने मूळ रहिवाशांकडून, करार करून, करार मोडून, सैन्य पाठवून घेतलेली होती. यादीतली मानाची नावं ह्यातून सुटत नाहीत. ऑटो मिअर्स, आजच्या लात्वियातून आलेला अनाथ पोरगा, कोलोरॅडोच्या डोंगरांत टोलचे रस्ते आणि मग रेल्वे बांधणारा, राज्याच्या विधानभवनात त्याचं रंगीत काचेतलं चित्र आहे. तो यूट ह्या मूळ रहिवासी लोकांची भाषा बोलायचा, आणि १८७३ च्या आणि १८८० च्या करारांत त्याचा हात होता. दुसऱ्या वेळी सह्या मिळाव्यात म्हणून त्याने यूट पुरुषांना माणशी दोन-दोन डॉलर दिले असा आरोप झाला, वॉशिंग्टनला बोलावणं आलं, तिथे तो सुटला आणि वर खर्चही भरून मिळाला. १८८१ मध्ये यूटांना कोलोरॅडोतल्या त्या दऱ्यांतून युटाकडे हाकललं गेलं.

दुसरं नाव सॉलोमन बिबो, "ज्यू इंडियन चीफ" म्हणून इंटरनेटवर फिरणारं. प्रशियातला, १८६९ मध्ये न्यू मेक्सिकोत आला, तिथल्या अकोमा ह्या मूळ रहिवासी लोकांची भाषा शिकला, त्यांच्यातल्या हुआना वाये हिच्याशी लग्न केलं आणि १८८५ मध्ये अकोमा प्वेब्लोचा, म्हणजे त्यांच्या वस्तीचा, गव्हर्नर (मुखिया) झाला. ऐकायला किती छान. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्याने अकोमांची चराईची जमीन ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली होती आणि त्यावरून सरकारी एजंटने मोठी तक्रार केली होती, लोकांना फसवून सही घेतली म्हणून, तर दुसरीकडे अकोमांनी त्याच्या बाजूने अर्जही दिले. लुटारू होता का दोस्त होता? मला वाटतं तो तिथे गुंतलेला व्यापारी होता, दोन्ही एकाच वेळी असू शकतो असा. पुढे मुलं ज्यू म्हणून वाढावीत म्हणून १८९८ मध्ये बायकोमुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेला.

इथे एक सावधगिरी. असलं काही लिहिलं की ज्यूद्वेष्ट्यांना आयतं कोलीत मिळतं, "बघा, व्यापारी ज्यूने भोळ्या आदिवासीला लुटलं". म्हणून स्पष्टच लिहितो, जमिनी घेतल्या त्या सरकारने, सैन्याने, रेल्वे कंपन्यांनी आणि लाखो ख्रिश्चन शेतकऱ्यांनी, त्या गर्दीत ज्यू मूठभर होते. माझं म्हणणं एवढंच आहे की ते त्या गर्दीत होते, आणि गर्दीने त्यांना सामावून घेतलं ते का, हा प्रश्न आहे.

माझं उत्तर असं की तिथे रेघ दुसरीकडे ओढलेली होती. १७९० पासून अमेरिकेत परदेशी माणसाला नागरिक व्हायचं तर "स्वतंत्र गोरा माणूस" असायला लागायचं. ज्यू त्या रेघेच्या आत पडले, कायद्याने नागरिक झाले, मत दिलं, निवडून आले. चिनी बाहेर पडले. ज्या सिअॅटलने १८७५ मध्ये ज्यू महापौर केला त्याच सिअॅटलने १८८६ मध्ये चिनी लोकांना घरातून काढून बोटीवर चढवलं, टकोमाने त्याच्या आदल्या वर्षी. आणि हे फक्त चिन्यांचं नाही, इथे आपणही येतो. ४ सप्टेंबर १९०७ ला त्याच वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम गावात जमावाने हिंदुस्थानी मजुरांना, बहुतेक पंजाबी शीख, मारून गावाबाहेर काढलं. त्यानंतर थोड्याच वर्षांनी आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगनात शेतकीचं शिक्षण घेत गदर ह्या क्रांतिकारी चळवळीचं काम करत होते, ते ह्याच वातावरणात. आणि भगतसिंग थिंद, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला माणूस, त्याला पोर्टलंडच्या कोर्टाने १९२० मध्ये नागरिकत्व दिलं, ते सुप्रीम कोर्टाने १९२३ मध्ये काढून घेतलं, कारण सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हा बसत नाही. दोन ज्यू महापौरांचं तेच पोर्टलंड.

आणि रेघेच्या आत असणं म्हणजे कायमचं असणं नाही. लॉस एंजेलिसच्या उच्चभ्रू कॅलिफोर्निया क्लबच्या सुरुवातीच्या सभासदांत ज्यू होते. शहर मोठं झालं, पूर्वेकडून खानदानी म्हणवणारे लोक आले, आणि पुढे त्याच क्लबात ज्यूंना प्रवेश मिळेना. गरज होती तोवर शेटजी, गरज संपल्यावर परका. १९२४ च्या कायद्याने आशियाई लोकांना दार पूर्ण बंद केलं आणि त्याच कायद्याच्या कोट्याने पोलंड-रशियाकडून येणारे ज्यूही जवळजवळ थांबवले, आणि तो कायदा रेटणारा अल्बर्ट जॉन्सन हा कुठला खासदार, तर वॉशिंग्टन राज्याचा.

कुणी म्हणेल, अहो, ही माणसं दंगलीतून जीव वाचवून आली होती, त्यांनी काय चिन्यांसाठी लढायचं होतं का, शंभर वर्षांनी तुम्ही त्यांना जाब विचारणार? नाही. मी त्यांच्या जागी असतो तर खिशावर तीच ओळ छापली असती, गुपचूप, धंदा बुडू नये म्हणून. जाब विचारायचा असेल तर तो आज म्युझियमची पाटी लिहिणाऱ्याला, शाळेचा धडा लिहिणाऱ्याला, आणि आपल्यासारख्यांना जे स्वतःच्या अशाच याद्या करायला लागलेत. अमुक कंपनीचा सीईओ आपला, तमुक गावचा पहिला भारतीय महापौर आपला. "आमचं योगदान" म्हणून यादी देणारा माणूस एक प्रकारे कबूलच करतो की इथे राहायचं भाडं द्यावं लागतं आणि मी ते वेळेवर भरतोय. ज्याला ते भरता आलं नाही त्याचं काय, कोटोपॅक्सीच्या खडकावर नांगर मोडलेल्याचं काय, हे यादीत येत नाही. आणि रेघेबाहेर कोण राहिलं हे तर अजिबातच येत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला कोल्मा नावाचं गाव आहे. शहरात दफन करायला बंदी आली आणि सगळ्या धर्मांच्या दफनभूमी तिकडे गेल्या, तिथे जिवंत माणसं कमी आणि मेलेली जास्त. लेवी स्ट्रॉस तिथे आहे, सॉलोमन बिबोही. आणि शेजारच्याच ज्यू दफनभूमीत वायट अर्प आहे, ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावच्या गोळीबारातला तो प्रसिद्ध माणूस. तो ज्यू नव्हता. त्याची बायको जोसेफिन मार्कस ज्यू, तिच्या माहेरच्या लोकांच्या जागेत त्याची रक्षा ठेवली. लोक लांबून त्याची कबर बघायला येतात, फोटो काढतात, १९५७ मध्ये तर कुणी तो दगडच चोरून नेला होता. मार्कस कुटुंबाने तिथे जागा घेतली ती कुठल्या कमिटीकडून, वर्गणी कुणी भरली होती, वही कोण लिहायचं, हे मात्र कुणी विचारत नाही.